सगळेच घेतात, मग मी का नको?



आजच्या भाषणाचा विषय आहे ‘खेळाडू आणि उत्तेजक औषधे’. हा विषय मी स्वतः मागून घेतला आणि त्याला तसे एक कारण घडले. ते आधी सांगतो.

मी बत्तीस वर्षे एका माध्यमिक शाळेत व्यायामशिक्षक होतो. निवृत्त झालो, तरी पहाटे उठून मैदानावर जायची खोड काही सुटलेली नाही. एकदा असाच बसलो असताना आमच्याच शाळेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक मुलगा माझ्याशेजारी येऊन टेकला. मुलगा गुणी. घरची दोन एकर जिराईत, वडील हंगामात ऊसतोडीला जातात. हा आठशे मीटर धावतो. राज्य पातळीवर पदक मिळाले, तर शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी जे पाच टक्के आरक्षण आहे त्यात आपला नंबर लागेल, एवढीच त्याची आशा. थोडा वेळ गवताची काडी मोडीत बसला आणि मग म्हणाला, “सर, तालुक्याच्या गावी एकजण सुई देतो. घेतली की दम लागत नाही म्हणतात. माझ्याबरोबर पळणारे दोघं-तिघं घेतात. सगळेच घेत असतील, तर मी एकट्यानं न घेऊन काय मिळवलं?”

मी म्हणालो, “अरे, ते वाईट आहे.”

तो म्हणाला, “वाईट आहे हे ठाऊक आहे, सर. पण मी विचारलं, न घेऊन काय मिळवलं?”

मंडळी, खरं सांगतो, त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि उठलो. पण मनाला टोचणी लागून राहिली. त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि माझ्या ध्यानात आले की आमच्या मैदानावरच्या या पोराने जो प्रश्न विचारला, तोच जगातले मोठमोठे विद्वानही एकमेकांना विचारीत आहेत. खेळात औषधांवर बंदी असावी, की ती सरळ मोकळी करावीत? आज या वादाच्या दोन्ही बाजू तुमच्यापुढे मांडतो, आणि शेवटी त्या मुलाला मी काय सांगितले तेही सांगतो.

सुरुवात एका जुन्या शर्यतीपासून करू. सन १९०४. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरी ऑलिंपिक सामने भरले होते. ३० ऑगस्टला मॅरेथॉनची शर्यत झाली. ऊन रणरणते, रस्ते कच्चे, धूळ अशी की पुढचा माणूस दिसू नये. आणि वाटेत पाण्याची सोय जवळजवळ नाहीच. बत्तीस जण धावायला उभे राहिले, त्यांतले केवळ चौदा शेवटपर्यंत पोचले. पहिला आला फ्रेड लॉर्झ नावाचा गडी. लोकांनी जयजयकार केला. पण लवकरच उघड झाले की हा पठ्ठ्या मध्येच थकून मोटारीत बसला होता, आणि मोटार बंद पडली म्हणून उतरून उरलेले अंतर धावत आला होता! त्याला अर्थातच बाद केले. मग विजेता ठरला टॉमस हिक्स. पण हा हिक्स कसा पोचला? वाटेत त्याचे पाय लटपटू लागले, तेव्हा त्याच्याबरोबर चालणाऱ्या मंडळींनी त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकात स्ट्रिक्निन नावाचे द्रव्य कालवून दिले. एकदा नव्हे, दोनदा. वर ब्रँडी पाजली. तो भ्रमिष्टासारखा पावले टाकीत कसाबसा आला आणि कोसळला.

आपल्या कोकणातल्या मंडळींना काजऱ्याचे झाड ठाऊक असेल. त्याच्या बियांना कुचला म्हणतात. त्यात जे विष असते, तेच हे स्ट्रिक्निन. कणभर पोटात गेले तर मज्जातंतू खवळून उठतात. थोडे अधिक झाले तर माणूस धनुष्यासारखा वाकून, आचके देऊन मरतो. उंदीर मारायला हे वापरीत. हिक्स वाचला, हे त्याचे नशीब.

आता गंमत पाहा. मोटारीत बसणारा लबाड ठरला, आणि विष पिऊन धावणारा विजेता ठरला. हिक्सने नियम मोडला नव्हता, कारण तसा नियमच नव्हता. उलट, औषधांचा धावपटूंना चांगलाच उपयोग होतो, हे या शर्यतीने सिद्ध झाले, अशी त्या वेळच्या एका अधिकाऱ्याने वाखाणणी केली. म्हणजे ‘औषधे मोकळी करा’ असे आज जे म्हटले जाते, ती काही नवी सुधारणा नव्हे. जग एकदा त्या वाटेने जाऊन आले आहे.

ही औषधे शरीरात करतात तरी काय? ढोबळमानाने तीन तऱ्हा सांगतो.

पहिली तऱ्हा उत्तेजकांची. अँफेटामिन वगैरे द्रव्ये यात येतात. ही द्रव्ये बळ वाढवीत नाहीत, थकव्याची जाणीव मारतात. शेतकरी मंडळींना हे सांगायला नको. चढावर गाडी अडली आणि बैलाला पराणी टोचली, तर बैल जोर करतो. पण तो जोर पराणीतून आला का? नाही. तो बैलाचाच होता. जिवासाठी राखून ठेवलेला होता, तो तुम्ही काढून घेतलात. थकवा हा शरीराचा शत्रू नव्हे, राखणदार आहे. राखणदाराला झोपवला की घर उघडे पडते. १३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधल्या सुप्रसिद्ध सायकल शर्यतीत टॉम सिम्प्सन हा इंग्रज सायकलपटू माँ व्हाँतू नावाच्या उघड्याबोडक्या डोंगराच्या चढावर सायकलवरून कोसळला आणि मरण पावला. वय अवघे एकोणतीस. त्याच्या शरीरात अँफेटामिन आणि दारू सापडली. ऊन, चढ आणि पोटातले औषध, तिन्ही एकत्र आली. थांब, असे सांगणारा राखणदार जागेवर नव्हता.

दुसरी तऱ्हा स्टेरॉइडची. पुरुषाच्या शरीरात पौरुष आणणारे एक द्रव्य आपोआप तयार होते. त्याच्याच जातीची ही औषधे बाहेरून घेतली की स्नायू फुगतात, ताकद वाढते. पण शरीर मोठे हिशेबी असते. बाहेरून आयता माल येतो आहे असे पाहिले, की ते आपला कारखाना बंद करते. पुरुषाचे अंड आकसतात, मूल होण्याची शक्ती घटते. बायकांचा आवाज घोगरा होतो, अंगावर केस येतात. आणि हे बदल पुष्कळदा कायमचे राहतात. वाढत्या वयाच्या मुलाने घेतले तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते आणि उंची खुंटते. यकृत आणि काळीज यांचे नुकसान होते ते वेगळेच.

तिसरी तऱ्हा रक्ताची. एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ, हे मूत्रपिंडाच्या रोग्यांना रक्त वाढावे म्हणून देण्याचे औषध. धडधाकट माणसाने घेतले की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, दमसास वाढतो. पण रक्त दाट होते. दाट रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि काळजाला तो गाळ ओढत बसावा लागतो.

“मग सर, तालमीतला खुराक हेही औषधच की!” असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, रेषा काही दगडात कोरलेली नाही. चहा-कॉफीतले कॅफीन काही वर्षे ठरावीक प्रमाणापलीकडे निषिद्ध होते. २००४ पासून त्याला बंदीच्या यादीतून वगळले. आमच्यासारख्या चहाबाज मंडळींनी सुटकेचा श्वास टाकला म्हणायचा! पण खुराक आणि सुई यांत एक फरक आहे. दूध-बदाम खाऊन गादीवर लोळलात तर पोट सुटेल, ताकद येणार नाही. खुराक अंगी लागायचा तर जोर-बैठका मारायलाच हव्यात. खुराक घामाला साथ देतो. सुई शरीराच्या मूळ हुकूमनाम्यातच खाडाखोड करते.

असो. बंदी कशी आली ते पाहू. मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९२८ मध्येच उत्तेजकांना मनाई केली. पण मनाई कागदावर, कारण तपासायची सोय नव्हती. ऑलिंपिकमध्ये तपासणी सुरू झाली १९६८ साली. त्या वर्षी मेक्सिकोत पहिला बाद झाला एक स्वीडिश खेळाडू, आणि तो कशासाठी? नेमबाजीपूर्वी हात स्थिर राहावा म्हणून बिअर प्याला होता! स्टेरॉइडची तपासणी आली १९७६ मध्ये. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या बेन जॉन्सनने शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावून जगाला थक्क केले, आणि तीनच दिवसांनी त्याच्या लघवीत स्टॅनोझोलॉल सापडल्यामुळे पदक परत गेले. पुढे १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, स्थापन झाली. आपल्या देशात ‘नाडा’ ही संस्था हे काम पाहते, आणि २०२२ पासून त्यासाठी संसदेने केलेला कायदाही आहे.

आता वादाकडे येतो. बंदी उठवा असे म्हणणारे लोक काही गुंड नव्हेत. त्यांत प्राध्यापक आहेत, वैद्य आहेत. ज्युलियन सॅव्ह्युलेस्क्यू या नीतिशास्त्राच्या पंडिताने आपल्या दोन सहकाऱ्यांसह २००४ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तसा लेखच लिहिला. २०२३ मध्ये तर औषधे घेण्याची उघड मुभा असलेल्या सामन्यांची घोषणा झाली, आणि २०२६ च्या मे महिन्यात ते अमेरिकेतल्या लास वेगास शहरी भरवू, असे चालकांनी २०२५ मध्ये जाहीर केले. या लोकांचे म्हणणे आपण नीट ऐकून घेतले पाहिजे. प्रतिपक्षाचे म्हणणे न ऐकता दिलेला निकाल पंचायतीतही टिकत नाही.

ते पहिले असे म्हणतात की निसर्गच मुळात न्यायी नाही. फिनलंडचा एरो मांटिरांता हा बर्फावरच्या शर्यतीतला वीर. त्याने १९६० आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळून तीन सुवर्णपदके मिळवली. पुढे शास्त्रज्ञांना आढळले की त्याच्या घराण्यातच एक आनुवंशिक वेगळेपण असून त्यामुळे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी जन्मतःच कितीतरी अधिक होत्या. जे त्याला आईबापांकडून मिळाले, ते दुसऱ्याने सुईतून घेतले तर काय बिघडले?

दुसरे म्हणणे असे की चाचण्या चोराला पकडत नाहीत, अडाण्याला पकडतात. हेही अगदी खोटे नाही. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ पासून २००५ पर्यंत फ्रान्सची सायकल शर्यत सलग सात वेळा जिंकली. ती सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली, तीही मुख्यतः जुन्या सोबत्यांच्या साक्षींवरून. २०१४ च्या सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर रशियाच्या प्रयोगशाळेत रात्री भिंतीतल्या भोकातून नमुन्यांच्या बाटल्या बदलल्या जात, असे पुढे चौकशीत उघड झाले. मोठे मासे जाळे फाडून जातात आणि अडकतो कोण? खोकल्याचे औषध न विचारता घेतलेला खेडेगावचा पोरगा.

तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार. ते म्हणतात, चोरून घेण्यात धोका अधिक आहे. उघडपणे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मर्यादेत घेऊ द्या. खेळाडू सज्ञान आहे. आपल्या शरीराचे काय करायचे ते त्याला ठरवू द्या.

ऐकायला हे पटते. मलाही पहिल्या वाचनात पटले होते. पण मग मी एकेका शब्दावर बोट ठेवून पाहिले. ‘डॉक्टरांची देखरेख’, ‘मर्यादा’ आणि ‘सज्ञान माणसाची मर्जी’. या तिन्हींचे प्रयोग जगात होऊन गेले आहेत.

डॉक्टरांची देखरेख पूर्व जर्मनीत होती. तिथल्या सरकारने १९७४ पासून ही औषधे खेळाडूंना देण्याची गुप्त योजनाच आखली. वैद्य होते, शास्त्रज्ञ होते, प्रत्येक गोळीची नोंद होती. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये त्या देशाच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्णपदक नव्हते. १९७६ मध्ये तेरांपैकी अकरा शर्यती त्यांनी जिंकल्या. जगाने तोंडात बोट घातले. पुढे भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि कागदपत्रे बाहेर आली. ज्यांना त्या निळ्या गोळ्या दिल्या त्यांत बारा-तेरा वर्षांच्या मुलीही होत्या. त्यांना सांगितले होते, ही जीवनसत्त्वे आहेत. आईबापांना पत्ता नव्हता. सुमारे दहा हजार खेळाडू या योजनेत सापडले असावेत, असा अंदाज आहे. २००० साली बर्लिनच्या न्यायालयात त्या देशाचा क्रीडाप्रमुख आणि त्याचा प्रमुख वैद्य यांच्यावर खटला चालला. तेव्हा मध्यमवयीन झालेल्या स्त्रिया साक्षीला उभ्या राहिल्या. कुणाचा आवाज पुरुषी झालेला, कुणाला अपंग मूल झालेले. दोघे दोषी ठरले. पण शिक्षा स्थगित, म्हणजे प्रत्यक्ष तुरुंग नाहीच. श्रोतेहो, डॉक्टर हजर होता. पण तो खेळाडूचा डॉक्टर नव्हता, पदकाचा डॉक्टर होता. ज्याचा पगार पदकावर ठरतो, त्या वैद्याच्या हातात मूल सोपवायचे का?

मर्यादेचा प्रयोग सायकल शर्यतींत झाला. ईपीओ ओळखण्याची चाचणी तेव्हा नव्हती, म्हणून १९९७ मध्ये सायकल संघटनेने ठरवले की रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण पुरुषांत पन्नास टक्क्यांच्या वर गेले तर त्या खेळाडूला पंधरा दिवस घरी बसवायचे. हेतू चांगला होता, जीव वाचवण्याचा होता. पण झाले काय? पन्नास ही मर्यादा न राहता तेच ध्येय बनले. ज्याचे बेचाळीस होते तोही औषध घेऊन पन्नासाला भिडू लागला. तपासणीच्या आधी मिठाचे पाणी शिरेत सोडून रक्त पातळ करण्याच्या युक्त्या निघाल्या. १९९८ साली एका नामवंत संघाची औषधांनी भरलेली मोटार सरहद्दीवर पकडली गेली, तेव्हा आतला कारभार जगाला दिसला. मर्यादा घातली की चोरी संपते, हा भ्रम आहे. चोरी फक्त एक पायरी वर सरकते. पूर्वी शून्य आणि एक यांत चोरी व्हायची, आता पन्नास आणि एक्कावन्न यांत होते, एवढेच.

आणि सज्ञान माणसाची मर्जी? ज्या संघाची मोटार पकडली, त्याच संघात क्रिस्तॉफ बासाँ नावाचा एक सायकलपटू होता. चौकशीत त्याच्या सोबत्यांनीच सांगितले की हा एकटा औषध घेत नव्हता. १९९९ च्या शर्यतीत तो धावत होता आणि वर्तमानपत्रात उघडपणे लिहीत होता की औषधे अजून चालूच आहेत. शर्यत चालू असतानाच आर्मस्ट्राँगने त्याला गाठून सुनावले. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले. शेवटी शर्यत अर्धवट सोडून तो घरी गेला. जिथे सगळे घेतात, तिथे न घेणाऱ्याची मर्जी शिल्लक राहते कुठे? तो वाळीतच पडतो.

म्हणून माझे मत असे झाले आहे की परवानगी ही परवानगी राहत नाही, तिची सक्ती होते. ज्याला घ्यायचे नाही त्यालाही घ्यावे लागते, नाहीतर मैदान सोडावे लागते. आणि एवढे करून कुणाला काय मिळते? सगळ्यांनी घेतले तर सगळे जरा जोरात धावतील, पण पहिला एकच येणार. धोका सगळ्यांनी पत्करायचा आणि पदक एकाला. त्यातही महागडे औषध आणि हुशार वैद्य ज्याला परवडतो त्याचाच वरचा नंबर लागणार. दोन एकर जिराईतवाल्याच्या पोराचा त्यात निभाव लागायचा नाही. निसर्गाने पाची बोटे सारखी केली नाहीत, हे खरे. पण औषधाने ती सारखी होत नाहीत. ज्या बोटात आधीच अंगठी, ते आणखी लांब होते.

मांटिरांताचे काय, असे विचाराल. तर खेळ कधी म्हणत नाही की सगळ्यांची शरीरे सारखी आहेत. खेळ एवढेच म्हणतो की जे आणशील ते तुझे असू दे.

आता दोन शब्द घरच्या गोष्टीविषयी. ही दूरदेशीची कथा आहे असे समजून आपण स्वस्थ बसू नये. ‘वाडा’च्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये भारतात साडेपाच हजारांहून अधिक नमुने तपासले गेले आणि त्यांत सुमारे ३.८ टक्के दोषी निघाले. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत अधिक होते. आणि आपल्या महाराष्ट्रात मेफेन्टरमाइन नावाचे इंजेक्शन व्यायामशाळांच्या आसपास बेकायदा विकताना पकडल्याच्या बातम्या वेळोवेळी येतात. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या रोग्याचा रक्तदाब उतरला, तर तो सावरण्यासाठी आहे. ते धडधाकट पोराच्या शिरेत गेले की रक्तदाब उसळतो, काळीज धडधडते, आणि पोराला वाटते, अंगात वारे भरले. ‘वाडा’च्या यादीत ते निषिद्ध आहे.

शिक्षक बंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. मुलांना एवढे जरूर सांगा की नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले, तर पहिली जबाबदारी खेळाडूचीच धरतात. ‘मला ठाऊक नव्हते’, ‘वस्तादांनी दिले’ या सबबींनी शिक्षा फार तर कमी होते. पदक परत मिळत नाही. २०११ मध्ये आपल्या देशाच्या काही नामांकित महिला धावपटू स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्या. पुरवलेल्या शक्तिवर्धकांतून ते आले, असे त्यांनी सांगितले; तरी बंदी चुकली नाही. तेव्हा डबाबंद भुकटी असो, टॉनिक असो, विचारल्यावाचून घ्यायचे नाही. आजारी पडलात तर डॉक्टरांना आधी सांगायचे की मी खेळाडू आहे. खरोखर गरज असेल तर रीतसर अर्ज करून औषधाची सवलत मिळते, तीही सोय नियमात आहे. आणि गावात कुणी सुया विकत असेल, तर पोराला झोडपण्याआधी त्या विकणाऱ्याची खबर पोलिसांना किंवा अन्न व औषध प्रशासनाला द्या. पोर फसलेले असते. दुकान कुणा मोठ्याचे असते.

आणखी एक गोष्ट, ती जरा अवघड आहे. ती आपल्या सर्वांविषयी आहे. पदक आणले की आपण पोराला खांद्यावर घेतो, आणि चौथा आला की ओळखही दाखवीत नाही. सुई विकणारा तालुक्याच्या गावी बसलेला असतो, पण त्याचे गिऱ्हाईक आपण घरी तयार करतो.

आता त्या मुलाकडे येतो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा भेटला. मी म्हणालो, “बाळ, तू विचारलंस, न घेऊन काय मिळवलं. पहिलं हे की घड्याळ जी वेळ सांगेल ती तुझी असेल. आज सात सेकंद कमी पडले, तर ते तुझे सात सेकंद. उद्या कष्ट करून ते भरून काढता येतील. सुईनं मिळवलेली वेळ तुझी नाही; ती राखायला पुन्हा सुईच लागेल. आणि दुसरं असं की तू म्हणालास, सगळेच घेतात. तू घेत नाहीस, म्हणजे ‘सगळेच’ हा शब्द खोटा ठरला. तुझ्यामागं नववीतली पोरं पळताहेत. उद्या त्यांना कुणी म्हणालं, सगळेच घेतात, तर ती म्हणतील, नाही, आमच्या गावचा एकजण घेत नव्हता.”

तो काही बोलला नाही. उठून दोन फेऱ्या धावला.

त्या मोसमात तो सुईवाचून धावला आणि चौथा आला. पुढच्या तिघांवर संशय घेण्याचा मला अधिकार नाही. ती मुले कदाचित खरोखरच सरस असतील. नोकरी अजून लागलेली नाही. त्याचे वडील यंदाही ऊसतोडीला गेले आहेत. तेव्हा माझ्या उत्तराने त्याचे पोट भरले असे मी म्हणणार नाही. पण पहाटे मैदानावर तो येतो, आणि त्याच्यामागे आता पाच-सहा लहान पोरे धावत असतात.

त्या पोरांना आणखी दोन-तीन वर्षांनी कुणीतरी तोच प्रश्न विचारील. त्या वेळी उत्तर द्यायला त्यांच्याजवळ कुणी गुरुजी, कुणी वस्ताद, कुणी बाप उभा असावा, एवढ्यासाठी हे बोललो.